जात्यात वाळू

राजेश्रीने रिकामं जातं फिरवलं आणि सगळं तिथंच बिनसलं.

तसं पाहिलं तर तिने फार काही केलं नव्हतं. चुलतीच्या, केशरबाईच्या ओसरीत पोत्याखाली झाकून ठेवलेलं जातं उघडलं, वरच्या दगडाला बटणाएवढा माईक चिकटवला, कानाला हेडफोन लावले आणि खुंटा धरून तीन फेरे ओढले. दगडावर दगड, मध्ये काहीच नाही. तो आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. याच आवाजासाठी ती पुण्याहून आली होती. डोळे मिटून ती चौथा फेरा ओढणार, तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"तुला काई अक्कल हाय का गं?" केशरबाई कडाडली. "रिकामं जातं वडतेत का कुनी? घरात दाना ऱ्हानार न्हाई!"

राजेश्रीने जीभ चावली. लहानपणी याच चुकीसाठी याच ओसरीत तिने पाठीत धपाटा खाल्ला होता. पण सतरा वर्षं गावाबाहेर काढली की माणसाला कामाचं तेवढं आठवतं आणि घरातलं नेमकं विसरतं. "काकू, चुकलं माझं," ती म्हणाली. केशरबाईने जात्यावर पोतं टाकलं, वर दोन मुठी ज्वारी ठेवली, हात जोडले आणि तरातरा बाहेर गेली. आळीतल्या बायकांना ही खबर कळायला मग कितीसा वेळ लागतो?

आता ही राजेश्री कोण आणि तिला जात्याचा आवाज हवा कशाला, ते सांगायला हवं. गाव वालूरच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर, दुधना नदीच्या काठी. वडील गेल्यावर आई आपल्या भावाकडे पुण्याला गेली आणि राजेश्रीही तिकडचीच झाली. पोटासाठी ती मालिकांचे आवाज रेकॉर्ड करते. उरलेल्या वेळात आवाजाचे प्रयोग करते, ज्यात गाणं नसतं, नाच नसतो आणि तिकीट काढून आलेली शहाणीसुरती माणसं अंधारात बसून गळक्या नळाचा आवाज ऐकतात. ही कला आहे असं ती म्हणते. मानणारेही आहेत.

सरपंच योगीराजला ती परवानगी मागायला गेली तेव्हा तो बिचारा गोंधळूनच गेला.

"म्हंजे डीजे का?"

"नाही."

"मंग ऑर्केस्ट्रा?"

"तोही नाही. नदीत बसून आवाज ऐकवायचा."

"कशाचा आवाज?"

"जात्यांचा."

योगीराजचा जीव भांड्यात पडला. "मंग करा खुशाल. नाचगानं न्हाई तर भांडन बी न्हाई. खुर्च्या मी देतो."

त्याला एक गोष्ट कळली नव्हती. प्रयोग मुद्दामच रविवारी ठेवला होता, कारण सोमवारी ग्रामसभा होती. नदीच्या खालच्या अंगाची वाळू तीन वर्षांत उपसून झाली होती. आता ठेकेदाराला वरचं अंग हवं होतं, महादेवाच्या देवळापासून बंधाऱ्यापर्यंतचं, आणि त्याच काठावर गावाला पाणी देणारी विहीर होती. वाळूच्या लिलावाला ग्रामसभेची संमती लागते. मागच्या खेपेला ती संमती घरोघर रजिस्टर फिरवून घेतली होती. चुलीपुढून उठून बायकांनी सह्या केल्या, कशावर ते कुणी विचारलं नाही. राजेश्रीला एवढंच हवं होतं की या वेळी बायका आपल्या पायाने सभेला याव्यात आणि नाही म्हणाव्यात. वाळू गेली की विहीर गेली, आणि विहीर गेली की गाव टँकरवर, हे सांगायला भाषण चाललं नसतं. वाळूवर भाषणं देणारे दोन पुढारी गावात होऊन गेले होते. त्यातला एक हल्ली ठेकेदाराच्या ऑफिसात बसून चहा पितो.

म्हणून तिने गोष्ट निवडली. मागच्या वर्षी ती मेक्सिकोच्या दक्षिणेला, माया लोकांच्या एका डोंगरी गावात दोन महिने राहिली होती. तिथं एक म्हातारी रोज पहाटे दगडावर मका वाटायची. तिनेच ही गोष्ट सांगितली, आणि राजेश्रीने ती पहिल्याच संध्याकाळी केशरबाईच्या अंगणात दहा बायकांना सांगितली.

देवांनी आधी मातीची माणसं केली, ती पाण्यात विरघळली. मग लाकडाची केली. ती चालायची, बोलायची, त्यांना पोरंबाळं झाली, गावं वसली. पण त्यांच्या आत काळीज नव्हतं आणि आपल्याला कुणी घडवलं याची आठवणही नव्हती. दिसेल ते वापरायचं, तोडायचं, जाळायचं. शेवटी आभाळातून काळा, चिकट पाऊस पडला आणि घरातल्या वस्तूच त्यांच्यावर उठल्या. तवे म्हणाले, तुम्ही आमची तोंडं भाजलीत. वाटायचे दगड म्हणाले, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आम्हाला घासलंत, आता आम्ही तुम्हाला दळतो. पाळलेली कुत्रीसुद्धा अंगावर धावून गेली.

"कुत्रं बी बोललं?" एकीने विचारलं.

"बोललं."

"आन त्या मान्सायचं काय झालं?" केशरबाईने विचारलं.

"थोडी वाचली. त्यांची माकडं झाली म्हणतात."

बायकांनी समोरच्या पारावर बसलेल्या पुरुषांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त हसून घेतलं. केशरबाई मात्र हसली नाही. "गोष्ट चांगली हाय," ती म्हणाली. "पन आमी काय लाकडाचे हावोत का? आमाला कामून सांगायलीस?"

प्रश्न बरोबर होता. तरी बायका नदीत बसून जाती ओढायला तयार झाल्या, कारण जात्याला इतकी किंमत देणारं माणूस त्यांना कैक वर्षांत भेटलं नव्हतं. आता जातं निघतं ते लग्नात हळद दळायला, एरवी पिठाची गिरणी आहेच. दहा जणी, दहा जाती, असं ठरलं. आणि दुसऱ्याच दिवशी राजेश्रीने रिकाम्या जात्याचा तो उद्योग करून ठेवला.

संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा जणींचा नकार आला. कुणी चिडून नाही, गोडीनेच. "बाई, रिकामं वडायचं आसंल तर आमाला नकू." राजेश्रीने ज्वारी घालून पाहिली. पण जात्याच्या पोटात दाणे पडले की ते शहाण्यासारखं गुणगुणायला लागतं. ऐकणाऱ्याला भूक लागेल असा आवाज. दगड उठले आहेत, रागावले आहेत, हे त्यातून कुणाला कळणार? हरभरा घातला, मका घातला, तरी तेच. तिने रेकॉर्डर बंद केला आणि भिंतीला टेकून बसली. एकटीनेच जाऊन प्रयोग करीन, असं तिने ठरवलं. पण एकटीचा प्रयोग ऐकून सोमवारी सभेला कोण येणार होतं? ते काही ठरवता येईना.

त्यात जेवताना भारतने तोंड उघडलं. भारत केशरबाईचा मुलगा, राजेश्रीपेक्षा चार वर्षांनी लहान, ठेकेदाराचा टिप्पर चालवायचा. मनाने चांगला. राजेश्रीचे जड लाउडस्पीकर त्यानेच सेलूच्या स्टेशनवरून आणून दिले होते.

"अक्का, तुजा खेळ तू कर," तो खाली मान घालून म्हणाला. "पन सोमवारचं बायकायच्या डोक्यात घालू नकू. वरचं अंग न्हाई भेटलं तर मालक गाडी दुसरीकडं नेतो. मी काय करू मंग? पुन्ना कोयता घेऊन उसाला जाऊ?"

राजेश्रीने हातातला घास ताटात ठेवला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "भारत, मी घालणारच आहे," ती म्हणाली. "तुझं वाईट व्हावं म्हणून नाही. पण घालणार."

भारत ताटावरून उठला. केशरबाई चुलीपुढे बसून दोघांचंही ऐकत होती. भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच राजेश्रीपुढे येऊन उभी राहिली. "रिकामं वडू नये, असं हाय," ती म्हणाली. "पन वैरन काय घालावी हे कुनी सांगितल्यालं न्हाई." जात्याच्या तोंडात जी मूठ टाकतात तिला वैरण म्हणतात, एवढं राजेश्रीला आठवत होतं.

"मग काय घालायचं?"

"वाळू घाल. नदीतच बसनार हावोत न्हवं? जातं रिकामं बी ऱ्हानार न्हाई आन तुला पाह्यजे तसं वरडंल बी."

"काकू, दगड खराब होईल. तुझ्या आईचं जातं आहे ते."

"म्हाईत हाय मला कुनाचं हाय ते," केशरबाई म्हणाली. "तू तुजं काम बघ."

केशरबाई आली म्हटल्यावर बाकीच्या नऊ जणीही आल्या. या आळीत तिचा शब्द खाली पडत नाही.

रविवारी दुपारी चार वाजता दहा जाती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नदीच्या खालच्या अंगाला, कोरड्या पात्रात उतरली. उपशाने पडलेल्या तीन मोठ्या खड्ड्यांत राजेश्रीने लाउडस्पीकर ठेवले होते, म्हणजे आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटावा. प्रत्येक जात्याला एक माईक, प्रत्येक बाईच्या पदराला एक. काठावर योगीराजच्या खुर्च्या आणि त्यावर स्वतः योगीराज, कडक इस्त्रीत. सगळं गाव जमलं होतं. भारतही आला होता, टिप्पर वर रस्त्यावर लावून. राजेश्रीने गोष्ट सांगितली, माईक सुरू केले आणि केशरबाईला खूण केली.

केशरबाईने वैरण घ्यायला हात जमिनीवर टाकला. हाताला काळी चिखलमाती लागली. तिने ती झटकली, जरा पलीकडे हात घातला. तिथं गोटे होते. बाकीच्या बायकाही आपापल्या भोवती चाचपू लागल्या. माती, गोटे, फाटक्या गोण्या, गुटख्याच्या पुड्या. जात्यात घालायला मूठभर वाळू कुणाच्याच हाताला लागेना.

नदीवर जाताना वाळू घेऊन कोण जातं? कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. घरोघर नळ आल्यापासून बायका धुण्याला नदीवर यायच्या बंद झाल्या होत्या, त्याला वर्षं झाली. त्यांच्या डोक्यात नदी होती ती सासुरवाशीण असतानाची, मऊ, पांढरी, पाय रुतणारी. आणि राजेश्री? तिने तर आठ दिवस इथं फिरून खड्ड्यांची अंतरं मोजली होती. पण डोळे मिटून, हेडफोन लावून फिरणाऱ्या बाईला खड्डे तेवढे कळले, त्यात काय उरलंय ते तिने पाहिलंच नव्हतं. नदीचं दुःख दुसऱ्याला सांगायला निघालेल्या आपल्यालाही नदी दिसली नाही, या विचाराने ती शरमेने लाल झाली.

तेवढ्यात केशरबाई उठली आणि ट्रॉलीतली पाटी घेऊन पात्रात चालू लागली. मागे बाकीच्या उठल्या. पदराचे माईक सुरूच होते. राजेश्रीचा हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. बंद करायचं नाही, तिने ठरवलं.

आणि मग गावाने ऐकलं. बायका लांब गेल्या, ठिपक्याएवढ्या दिसू लागल्या, पण त्यांचे आवाज खड्ड्यांतून येत राहिले. चपलांखाली गोटे सरकत होते, कुणाला धाप लागली होती.

"हितं न्हाई."

"हितं बी न्हाई गं."

"आगं, हितं झिरा व्हता की. वाळू उकरली की पानी यायचं. मी नवी नवरी व्हते तव्हा हितूनच घागर भरायची."

"मातीच हाय."

"तिकडं बघ."

"न्हाई माय, न्हाई."

केशरबाई मधोमध थांबली. खड्ड्यातून तिचा श्वास ऐकू येत होता. "सगळी नेली की वो," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. काठावर कुणी खोकलंसुद्धा नाही.

योगीराज पुढारी माणूस, त्याला अशी शांतता सहन होत नाही. "आवं, त्यात काय येवढं!" तो उठून मोठ्याने म्हणाला. "वरच्या अंगाला ढीगभर हाय. ए भारत, जा, एक खेप घेऊन ये!"

भारत टिप्परकडे वळला. पण तोवर बायका परत येऊन पोचल्या होत्या आणि केशरबाई आडवी उभी राहिली.

"तिथली आनायची न्हाई," ती म्हणाली. "ती हाय तिथंच ऱ्हाऊ दे. त्यातली मूठभर बी हलवायची न्हाई."

"मंग तुमचा खेळ कसा व्हायचा, केशरबाई?"

"नदीची वाळू गावात हाय की. तुमच्या दारातच हाय."

योगीराजच्या नव्या बंगल्याचं काम चालू होतं आणि दारात वाळूचा ढीग होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. केशरबाई पाटी घेऊन काठ चढली. मागे नऊ जणी. योगीराज काहीतरी बोलणार होता, पण पाटीभर वाळूसाठी सगळ्या गावासमोर बाईमाणसाला अडवणं त्याला बरं दिसलं नसतं. काठावर बसलेल्या आणखी पाच-सहा बायका न सांगता उठल्या. पंधरा-सोळा जणी डोक्यावर वाळू घेऊन नदीकडे परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. नदीत कुणी वाळू आणतंय, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्या दळायला बसल्या. भाकरीत खडा यावा तसा पहिला आवाज झाला, आणि मग दहा जात्यांचा एकदम. तो आवाज खड्ड्यांतून वर आला तेव्हा माणसांचे दात आंबले. दगड दगडाला खात होता. लोकांना उठून जावंसं वाटत होतं, पण उठवत नव्हतं. गावातली कुत्री केकाटायला लागली. "कुत्री बी उठली," गर्दीत कुणीतरी पुटपुटलं आणि त्याला कुणीही हसलं नाही. केशरबाई घामाने निथळत होती, खुंटा सोडत नव्हती, आणि जात्याच्या कडेने राखाडी भुकटी सांडत होती. त्यात वाळू किती आणि तिच्या आईचा दगड किती, हे सांगता आलं नसतं. पाट्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिने हात थांबवला. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठले आणि गुमान घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला साठ-सत्तर बायका आल्या. एरवी वीस-पंचवीस पुरुष आणि एक रजिस्टर, एवढ्यावर सभा उरकायची. मानवतहून रोज ये-जा करणारा तरुण ग्रामसेवक एवढी गर्दी पाहून चष्मा पुसत बसला. योगीराज मात्र मुरलेला गडी होता.

"इरोध करायचा तर कायद्यानं करा," तो म्हणाला. "ठराव लागतो. सूचक लागतो, अनुमोदक लागतो. सांगा नावं. नसतील तर पुढचा इषय घेऊ."

"लिव्हा माजं नाव," केशरबाई उभी राहून म्हणाली. "केशरबाई आप्पाराव."

"सूचक झाला. अनुमोदक?"

प्रत्येकीचा नवरा नाहीतर दीर समोरच्या रांगेत बसला होता. घोळक्यात येणं वेगळं आणि त्याच्यादेखत कागदावर नाव घालणं वेगळं. राजेश्री ताडकन उठली. "माझं लिहा."

ग्रामसेवकाने मतदारयादी चाळली. "ताई, तुमचं नाव पुण्याच्या यादीत गेलंय. इथं चालणार नाही."

"अनुमोदक न्हाई," योगीराज म्हणाला. "चला, पुढचा इषय."

सतरा वर्षांपूर्वी सोडलेल्या गावात वर करायला आपला हातसुद्धा आपला राहिला नाही, हे राजेश्रीला कळलं. तिने बायकांकडे पाहिलं. त्या आपल्या पायांकडे पाहत होत्या.

"थांबा. माजं नाव लिवा."

दारात भारत उभा होता. सगळ्यांच्या माना वळल्या. केशरबाईची तेवढी वळली नाही.

"भारत, तू कुनाची गाडी चालवतूस, इसरलास का?" योगीराज म्हणाला.

"न्हाई इसरलो. म्हनूनच सांगायलो," भारत म्हणाला. "वरच्या अंगाला वाळू किती हाय ते हितं मला सोडून कुनाला म्हाईत न्हाई. दोन वर्साची हाय. मंग दोन वर्सांनी बी मी घरीच बसनार हाय आन पानी बी न्हाई ऱ्हानार. त्यापेक्षा आजच बसतो."

ग्रामसेवकाने पूर्ण नाव विचारलं. भारतने ते बापाच्या नावासकट सांगितलं. मग चपला काढून तो आत आला, पुरुषांची रांग ओलांडून पुढे गेला आणि बायकांमध्ये, आईच्या शेजारी मांडी घालून बसला.